घाटमाथ्यावर दिलेला अंक

माधवराव गेल्याचे सुलभावहिनींनी फोनवर सांगितले, तेव्हा मी आमच्या इमारतीच्या हाउसफरवाल्टुंगला, म्हणजे व्यवस्थापनाला, जिन्यातल्या बंद दिव्याबद्दल तक्रार लिहीत होतो. "अहो नाना, सकाळी चहाला हाक मारली, तर उठलेच नाहीत..." त्याला आता काही आठवडे झाले. ती तक्रार अर्धीच राहिली आहे. माझ्या बाबतीत ही असाधारण घटना होय, हे पुण्यातली अनेक कार्यालये मान्य करतील.

पत्नीच्या निधनानंतर मुलीने मला इथे, जर्मनीत इंगोलश्टाटला आणले. मी आयुष्यभर दिवाणी वकिली केलेली. पत्नीच्या उपचारांत रुग्णालयाने केलेल्या हलगर्जीविरुद्ध मी लिहिलेले पत्र एका दैनिकात छापून आले होते. तो अंक मी सतत पिशवीत बाळगी आणि भेटेल त्याला वाचून दाखवी. पत्नीविषयी दुसरे काही बोलणे मला उरलेच नव्हते. मुलीचे मित्र मला टाळू लागले. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या, सत्तरीतही सायकल न सोडलेल्या माधवरावांनी मात्र ते पत्र अथपासून इतिपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "कलमे चोख आहेत. आता माझ्याबरोबर घाटात चला."

घाट म्हणजे इटलीतला स्टेल्व्हिओ. व्यावसायिक सायकलपटूंची मोठी शर्यत त्या वर्षी तेथून जाणार होती. रस्ता बंद होण्यापूर्वी, आदल्या दिवशीच आम्ही माथ्यावरच्या हॉटेलात पोहोचलो. मे संपत आला तरी कडेला बर्फाच्या भिंती उभ्या होत्या. डांबरावर प्रेक्षकांनी खेळाडूंची नावे रंगवली होती. सार्वजनिक मालमत्तेच्या या विद्रूपीकरणाची दाद कोणाकडे मागायची, असे मी विचारले, तेव्हा माधवराव हसले. "वकीलसाहेब, तुमची सनद इथे चालत नाही."

तेथे एक जुनी प्रथा आहे. चढावर घामाने भिजलेला खेळाडू उतारावरच्या वाऱ्याने गारठतो. म्हणून माथ्यावरचे लोक त्याच्यापुढे वर्तमानपत्र धरतात आणि तो ते चालत्या सायकलीवरून घेऊन सदऱ्याखाली छातीशी खुपसतो. आता पुढच्यांना त्यांच्या संघाकडून जाकिटे मिळतात. माधवराव मात्र रद्दीचा गठ्ठा घेऊन मागे पडलेल्यांसाठी थांबत. त्या दिवशी गठ्ठा संपला आणि अगदी शेवटचा एक मुलगा वर आला... ओठ काळेनिळे, हात पुढे केलेला. माधवरावांनी माझ्या पिशवीत हात घातला, अंक ओढला आणि देऊन टाकला. क्षणात तो वळणाआड गेला.

"माधवराव, ही सरळसरळ चोरी आहे! माझ्याकडे दुसरी प्रत नाही!"

"मग लावा दावा. प्रतिवादी हजर आहे." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "नाना, त्या पत्राने वहिनी परत येणार नव्हत्या. तो पोरगा मात्र धड खाली पोचेल."

परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी अबोला धरला. इंगोलश्टाट जवळ आले तेव्हा मात्र राहवले नाही. "पुरला असेल का हो तो अंक?"

"रविवारचा ना, पुरवण्यांसकट? गेनाऊ, अगदी बरोबर! मग काय, उबेत उतरला असेल!"

घरी मुलीने प्रवासाविषयी विचारले. घाटाचे वर्णन करता करता मी तिच्या आईविषयी बोलू लागलो... बोपदेव घाट उतरताना ती डोळे गच्च मिटून माझी बाही कशी धरी, आणि खाली आल्यावर "मी कुठे घाबरले?" असे कसे म्हणे. रुग्णालयाचे नावही निघाले नाही. मुलगी हसत होती, रडत होती. मालकाच्या संमतीवाचून झालेले ते हस्तांतर अवैध होते, हे माझे मत आजही कायम आहे. आणि त्याबद्दल मी माधवरावांचा आजन्म ऋणी आहे.

शर्यत दरवर्षी त्या घाटातून जात नाही. पुन्हा जाईल तेव्हा सुलभावहिनी आणि मी माथ्यावर उभे राहणार आहोत. हा लेख छापून आला की पुतण्या पुण्याहून अंक पाठवील. तेही बरोबर नेऊ.

"एखादी प्रत घरी ठेवायची ना, नाना?" परवा वहिनींनी विचारले.

"नको," मी म्हणालो. "सगळ्या देऊ. मागे पडलेले पुष्कळ असतात."