दसऱ्याचा बार

लोणावळ्यात चार महिने जो पाऊस पडतो, त्यात माणूस टिकतो, लोखंड टिकत नाही. आमच्या शेजारच्या बंगल्याच्या फाटकाला लावलेल्या कुलपाला एकदा श्रावणात कोंब फुटला आणि भाद्रपदात त्याला कळी धरली, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसोत बापडे. ज्यानं इथं पिस्तूल बाळगलं आहे तो हसत नाही. तो फक्त विचारतो, कळी कुठल्या रंगाची होती?

असे बाळगणारे आम्ही चौघे होतो. मी जंगलातल्या कोळशाचे ठेके घेत असे. भट्ट्यांवर मजुरी वाटायला रोकड घेऊन रानातून जावं लागे, म्हणून सरकारनं मला परवाना दिला. गरज एका पिस्तुलाची होती, नाद चारांचा लागला. दुसरे खंडाळ्याचे पारशी शेटजी. त्यांच्याकडे मखमलीच्या पेट्यांत इतकी पिस्तुलं होती, की एखादं चोरीला गेलं असतं तर चोरालाच येऊन सांगावं लागलं असतं. तिसरे तळेगावहून येऊन लोणावळ्यात दवाखाना थाटलेले डॉक्टर. आणि चौथे कुरवंड्याचे पेन्शनर सुभेदार. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणत असू.

पाऊस उघडला, की बायका गाद्या उन्हात टाकतात तशी आम्ही शेटजींच्या व्हरांड्यात पिस्तुलं उन्हात टाकत असू. प्रत्येकाची घोंगडी वेगळी. नियम कडक होते. हत्यार उचलायचं तर आधी उघडून सगळ्यांना रिकामं दाखवायचं. दुसऱ्याच्या पिस्तुलाला नावं ठेवायची तर ती तोंडावर ठेवायची. आणि प्रत्येक पिस्तुलामागं एक गोष्ट सांगायची. ती खरीच असली पाहिजे असा आग्रह कुणी धरत नसे, त्यामुळे माझी गोष्ट नेहमी सर्वांत लांब होई. माझ्याकडे एक जाड नळीचं बर्मिंगहॅमचं रिव्हॉल्वर होतं. त्याचा एक बार मी नागफणीच्या कड्याच्या टोकावरून काढला, तेव्हा धक्क्यानं मी जो मागं सरकलो तो थेट घरच्या ओसरीवर येऊन बसलो आणि बायकोनं चहा पुढं केला. दर वर्षी या गोष्टीत चहाबरोबर एखादा पदार्थ वाढत असे.

"डॉक्टर, हा तुमचा पिस्तूल हाय का पानाचा डबी?" शेटजी विचारत. "चुना कुठून निघतो यातून?"

"शेटजी, तुमच्या त्या सहा नळ्यांच्या धुडाला आधी चाकं लावा," डॉक्टर म्हणत. "दोन बैल जोडा. मग आपण बोलू."

खरी भांडणं तेलावरून होत. शेटजींचं तेल विलायतेहून डब्यातून येई. डॉक्टर शिवणयंत्राचं तेल वापरत, मी खोबरेल. माझ्या पिस्तुलांना त्यामुळे देवळासारखा वास यायचा, हे मला मान्य आहे. आबा तेल लावतच नसत. ते आपली हत्यारं चुलीच्या वर फळीवर धुरात ठेवत. गंज चढत नसे, पण त्या उष्णतेनं त्यांच्या पलटणीच्या रिव्हॉल्वरची मूठ तडकून दोन जागी सुतळीनं बांधावी लागली होती. आम्ही त्यावरून त्यांना पुष्कळ टोचून बोलत असू.

"बांदली तं बांदली," आबा म्हणत. "ती काय माजी खरी चीज हाय व्हय?"

त्यांची खरी चीज दुसरी होती. हातभर लांबीचं ठासणीचं पिस्तूल, पणज्याच्या वेळचं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गजानं ठासायची, मागच्या भोकाच्या बोंडीवर तांब्याची ठिणगीची टोपी बसवायची आणि घोडा सोडायचा. नेम म्हणाल तर समोरच्या डोंगराला लागेल एवढाच. पण कुरवंड्याला दसऱ्याच्या शिलंगणाला गाव शिवेवर जमे, तेव्हा या पिस्तुलातून आबांच्या घरातल्या माणसानं एक बार काढायचा. गोळी नाही, नुसती दारू. तो आवाज झाल्याशिवाय गावातल्या कुणी आपट्याला हात लावायचा नाही. पणज्यापासून हा मान त्या घराकडे होता. आणि ज्या वर्षी बार चुकेल त्या वर्षी मान सुटला, पुन्हा मिळायचा नाही, हेही तेव्हापासूनच ठरलेलं होतं.

आबांचा एकुलता एक मुलगा पहिल्या लढाईत बसऱ्याकडे गेला तो गेला. भावकीतले लोक मानाकडे डोळे लावून होते. आबा म्हणत, "मी गेल्याव काय करायचं त्ये करा. पर माजं डोळं मिटूस्तोर बार माज्या हातानं हुईल." माणसानं मागावं ते इतकंच मागत होते.

मग दुसरी लढाई आली आणि चळवळीचं साल उजाडलं. कुठं तारा तोडल्या जात होत्या, कुठं रूळ उखडले जात होते. सरकारला अचानक आठवण झाली, की आपण काही लोकांना पिस्तुलं बाळगू दिली आहेत. हुकूम निघाला. सगळी खासगी पिस्तुलं, रिव्हॉल्वरं ठाण्यात जमा करा, उशीर झाला तर परवाना रद्द आणि हत्यार जप्त. फौजदार तसा भला माणूस होता. जमा करायची शेवटची तारीख खंडेनवमीच्या दिवशी आली. साहेबाच्या कॅलेंडरात खंडेनवमी नसते.

आम्ही व्हरांड्यात बसलो. त्या वर्षी घोंगड्या अंथरल्या नव्हत्या.

"देऊन टाकायचा," शेटजी म्हणाले. "लढाई संपेल, परत येईल. आबा, तुमी पण द्या."

"देतो की," आबा म्हणाले. "दसऱ्याच्या सांजंला देतो."

"आबा, नवमीच्या संध्याकाळपर्यंत द्यायचंय," डॉक्टर म्हणाले.

"नवमीला पुजाय मांडलेलं हत्यार शिलंगणाच्या आदी हालवत न्हाईत, डाक्टर. तुमाला ठाऊक हाय."

आम्हाला ठाऊक होतं. आमच्याही घरी खंडेनवमीला विळी-कोयत्यापासून पिस्तुलापर्यंत सगळं पाटावर मांडलं जाई आणि दसऱ्यापर्यंत त्याला कुणी हात लावत नसे. मी म्हटलं, "आबा, या वर्षी मांडूच नका. आधीच नेऊन द्या."

"मांडलं न्हाई तं बार कशाचा काडू? काठीचा?"

मी फौजदाराकडे गेलो. माझ्या जिभेवर माझा फार भरवसा होता. मी त्याला सांगितलं, की आबांच्या पिस्तुलाचा बार ऐकल्याशिवाय मावळातला भात पोटरीला येत नाही, की गेल्या खेपेला बार अर्धा तास उशिरा झाला तर आंदर मावळातल्या म्हशींनी दूध द्यायचं थांबवलं. फौजदार पोट धरून हसला. त्यानं मला चहा पाजला. मग म्हणाला, "हुकूम माझा नाही हो. माझा असता तर दसऱ्याला मीच येऊन दारू ठासली असती."

नवमीला सकाळी आम्ही तिघांनी आपापली हत्यारं जमा केली. शेटजींनी मखमलीच्या पेट्यांसकट दिली. कारकुनानं त्या पेट्या बाकावर एकावर एक रचल्या तेव्हा शेटजी पाठ फिरवून उभे राहिले. दुपारी आम्ही कुरवंड्याला गेलो, शेवटचा प्रयत्न म्हणून.

पाट मांडलेला होता. पिस्तुलाला हळदकुंकू वाहिलं होतं आणि नळीच्या तोंडात, रिवाजाप्रमाणे, धुतलेलं झेंडूचं भलंमोठं फूल खोचलेलं होतं. फुलातून पाण्याचा थेंब नळीवरून ओघळत होता. आबांची बायको आमच्याकडे न बघता म्हणाली, "बाबांनो, ह्यास्नी काय सांगू नगा. म्या सांगून बगितलं. तीन सांजा जेवलं न्हाईत, पर हट सोडत न्हाईत."

"आगं," आबा तिला म्हणाले, "तू चा टाक."

चहा झाला. डॉक्टरांनी परत येताना एवढंच म्हटलं, "ठाण्यावर आता आबांच्या नावापुढं 'जमा नाही' अशी नोंद होईल."

दसऱ्याला दुपार कलल्यावर गाव शिवेवर निघालं. आम्हीही गेलो. आपट्याच्या झाडापाशी हवालदार आणि दोन शिपाई आधीच येऊन थांबले होते. हवालदार मावळातलाच होता. आबांना बघून त्यानं टोपी काढून काखेत धरली.

"आबा, माजी नोकरी हाय."

"ठावं हाय. बार हुंद्या."

"हुंद्या की. कोन अडवतंय?"

आबांनी पहाटेच, पाटावरून न हलवता, घाईनं दारू ठासून ठेवली होती. पोलीस सकाळीच आले तर निदान बार काढून मगच पिस्तूल त्यांच्या हाती द्यावं, एवढा त्यांचा विचार. एरवी फूल काढल्यावर ते नळी चुलीपाशी तापवून कोरडी करत आणि मगच दारू ओतत. या वर्षी ते राहिलं. मान असलेल्या घराखेरीज दुसऱ्या कुणी त्या पिस्तुलाला हात लावायचा नसतो, म्हणून आम्ही तिघं जाणकार, गंजावर आणि तेलावर तासन्‌तास भांडणारे, चार हात अंतरावर उभे राहून नुसते बघत होतो.

आबांनी पिस्तूल आभाळाकडे केलं. घोडा पडला. टोपी फुटली, फट्ट. नळीतून काहीच आलं नाही.

त्यांनी दुसरी टोपी बसवली. फट्ट. या खेपेला बोंडीच्या भोकातून धुराची एक बारीक सुतळी निघाली आणि नळीच्या आत सुरसुर असा आवाज झाला, ओल्या लाकडाचा होतो तसा. तिसरी टोपी. चौथी. टोप्या संपल्या.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मग भावकीतला एक जण घसा साफ करत म्हणाला, "आबा, उन्हं चालली." आणि कुणीतरी आपट्याची फांदी ओढली. एकानं ओढल्यावर सगळ्यांनी ओढल्या. झाड बघता बघता निम्मं झालं.

हवालदार पुढं आला. आबांनी पिस्तूल त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "बार आत हाय. दारू वली हाय. मला गज लावून काडू द्या, मग न्या."

"आता ते जप्त झालं, आबा," हवालदार म्हणाला. "आता तुमाला हात लावाया देता येत न्हाई."

ठाण्यात भरलेल्या पिस्तुलाला हात लावायची कुणाची छाती होईना. लढाईमुळे प्रत्येक सरकारी ओसरीत वाळूनं भरलेल्या तांबड्या बादल्या टांगलेल्या असत. त्यांतल्या एका बादलीत ते पिस्तूल नळी खाली करून खुपसून ठेवलं. वाळू पावसानं भिजलेली होती.

परवाना रद्द झाला. सुतळीनं बांधलेलं रिव्हॉल्वरही गेलं. त्याचं आबांना काही वाटलं नाही. पण आठवड्याच्या बाजाराला ते लोणावळ्यात उतरत आणि ठाण्याच्या पायरीशी उभे राहत. "मला पिस्तूल नगं," ते सांगत. "निस्ता आतला बार गज लावून काडू द्या. वली दारू लोखंड खाती. हितंच, तुमच्यासमोर काडतो." फौजदार म्हणे वर लिहिलंय. वरून काही येत नव्हतं. पुढं फौजदाराची बदली झाली आणि नव्यानं तर त्यांना पायरीवरच उभं राहू दिलं नाही.

शेटजींनी मुंबईतल्या कुणा बॅरिस्टराला सांगून बघितलं. डॉक्टर त्या ठाण्यातल्या शिपायांना फुकट औषध देत होते, त्यांनी त्या वशिल्यावर बघितलं. मी तर नव्या फौजदारापुढं अशी एक गोष्ट रचली, की त्या बादलीतलं पिस्तूल एखाद्या दिवशी आपोआप उडून अख्खं ठाणं खोपोलीत जाऊन पडेल. तो घाबरला. त्यानं बादली ओसरीतून उचलून मागच्या पडवीत, पागोळ्यांखाली नेऊन ठेवली.

पुढच्या दसऱ्याला गाव शिवेवर गेलं तेव्हा कुणी थांबलं नाही. पोचल्या पोचल्या फांद्या ओढल्या. आबा सगळ्यांच्या मागून आले. कुणीतरी त्यांच्या हातात चार पानं दिली, त्यांतली दोन त्यांनी मला दिली. आम्ही गळाभेट घेतली. मला काहीतरी बोलायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला काही सुचेना.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यानंतर आबा बाजाराला येत, पण ठाण्याकडे वळत नसत. मी एकदा विचारलं, "आबा, आज जाऊन बघायचं का? मी येतो बरोबर."

"कशापायी, भाऊ?" ते म्हणाले. तंबाखू मळत होते, मान वर केली नाही. "दोन पावसाळं झालं. आता त्यात नळी न्हाई र्‍हायली."