डोंगरापलीकडची मॅच आणि एका गाण्याचा अर्थ

न्यू जर्सीला फुटबॉलची मॅच बघायला जायचं ठरलं, त्यात माझ्या फुटबॉलप्रेमाचा काही संबंध नव्हता. मला ऑफसाइड अजून कळत नाही. मला पाठवलं रेवतीनं, माझ्या लेकीनं. "बाबा, तुम्ही फक्त त्याच्या शेजारी बसा. तुमच्यासमोर तो आवाज चढवत नाही."

तो म्हणजे माझा जावई कॅलम. मूळचा ग्लासगोचा, आता आमच्याबरोबर डब्लिनमध्ये. हे ओहायोतलं डब्लिन. इथल्या स्कॉटिश मंडळींच्या हौशी संघाचा तो मॅनेजर आहे. ग्लासगोत म्हणे फुटबॉल आणि धर्म वेगळे काढता येत नाहीत. एका संघामागे प्रॉटेस्टंट, दुसऱ्यामागे कॅथलिक, आणि दोन्हीकडून एकमेकांच्या धर्मावर रचलेली गाणी. माणसं समुद्र ओलांडून आली तशी गाणीही आली. कॅलम कॅथलिक. गेल्या उन्हाळ्यात याच स्पर्धेत समोरच्यांनी त्याला ऐकवून ती गाणी म्हटली, तेव्हा तो प्रेक्षकांवर धावून गेला, नको ते हातवारे केले, आणि निलंबित झाला. पुन्हा तसं घडलं तर संघ कायमचा त्याच्या हातून जाणार होता. त्या संघात त्याला त्याचं गाव भेटतं. म्हणून रेवतीनं सासरा बरोबर दिला. हा उपाय मराठी मुलीलाच सुचावा.

शुक्रवारी सकाळी निघालो. ड्राइव्ह दिवसभराचा आहे. टोलचं यंत्र काचेला आधीच लावून घ्या, नाहीतर बिल घरी येतं आणि ते जास्तीचं असतं. पेनसिल्व्हेनियात शिरलो आणि सपाट मक्याची शेतं मागे पडून डोंगर सुरू झाले, एकामागे एक निळे, शेवटचा तर नुसता भास. पावसाची सर येऊन गेली होती आणि दऱ्यांमधून धुकं वर येत होतं. मग बोगदा. पिवळ्या दिव्यांची लांब ओळ, आणि दुसऱ्या टोकाला एकदम ऊन. मला वाईची शाळा आठवली. बाई कवितेची एक ओळ चालीवर म्हणायच्या आणि मागोमाग सगळा वर्ग. खिडकीबाहेरची कृष्णाही ऐकत असावी असं वाटायचं. बाईंचा एक नियम होता: अर्थ विचारल्याशिवाय कविता पाठ करायची नाही.

मी गाडीत गुणगुणतोच. कॅलमही आता सवयीनं विचारतो, "मीनिंग, बाबा?" मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगतो. असं करत, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात, संध्याकाळी एडिसनला पोचलो. तिथल्या ओक ट्री रोडवर, आपल्या लोकांच्या बाजारात, मिसळ मागवली तर ती गोडसर निघाली. वडापाव मात्र खाण्यासारखा. कॅलमनं जास्तीच्या मिरच्या मागून घेतल्या, तेव्हा काउंटरवरच्या बाई मला म्हणाल्या, "काका, जावई तयार केलात की."

शनिवारी मॅच. नदीकाठचं मैदान, कडेला मेपलची झाडं, घडीच्या खुर्च्या, कुठेतरी बॅगपाइपचा सूर. मी कॅलमच्या बेंचवर, त्याच्या शेजारी. खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात पाठीमागून गाणं आलं. भरदार पुरुषी आवाज, सगळे एका सुरात. शब्द त्या स्कॉटिश उच्चारात मला अजिबात लागेनात, पण चाल अशी उंच चढून हळूच उतरणारी की माझा हात आपोआप गुडघ्यावर ताल धरू लागला. डोळेही मिटले असावेत.

उघडले तेव्हा कॅलम उभा होता. मान लाल, हातात पाण्याची बाटली, दोन पावलं गर्दीच्या दिशेनं पडलेली. त्याची नजर माझ्या हातावर गेली. तो तसाच थांबला. मग परत येऊन शेजारी बसला, बाटली मांडीवर ठेवली.

"यू लाइक इट, बाबा?"

"चाल फार गोड आहे रे. शब्द तेवढे कळत नाहीत."

तो हसला, पण ते हसू मला ओळखीचं वाटलं नाही.

मध्यंतरात कॉफीच्या टेबलाजवळ समोरच्या संघाचा मॅनेजर भेटला. माझ्याच वयाचा, पांढरे केस, अदबशीर माणूस. त्याच्या मंडळींच्या गळ्याचं मी मनापासून कौतुक केलं आणि विचारलं, त्या गाण्याचा अर्थ काय?

"इट्स जस्ट अॅन ओल्ड साँग, सर."

"हो, पण कशाबद्दल आहे? मला शिकायचंय. अर्थ कळल्याशिवाय आम्ही पाठ करत नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या कॅलमकडे. कागदी कप टेबलावर ठेवून तो सरळ त्या गाणाऱ्यांकडे चालत गेला. मला वाटलं, शब्द लिहून आणायला गेला.

उत्तरार्धात गाणं पुन्हा एकदा उठलं. त्या मॅनेजरनं मागे वळून हात वर केला, आणि ते अर्ध्या ओळीवर पडलं. एक जण तरीही काहीतरी ओरडला. कॅलमचा जबडा आवळला, पण तो उठला नाही. एका गोलनं हरलो. संघ राहिला.

परतताना पेनसिल्व्हेनियातल्या एका थांब्यावर कॅलमनं अर्थ सांगितला. त्याच्या धर्माच्या माणसांना हाकलून द्या, ते माणसांत जमाच नाहीत, असं काहीतरी, आणि तेही घाणेरड्या शब्दांत. मी ज्या हातानं ताल धरला होता तो कोटाच्या खिशात घातला.

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"कसं सांगणार, बाबा?" तो म्हणाला. "तुमच्या तोंडावर ते शब्द म्हणवेनात. त्यालाही म्हणवले नाहीत, पाहिलंत ना?"



घरी येऊन आता काही दिवस झाले. डोंगरांचे फोटो धुकट आलेत, मिसळीची चव विसरलो, पण ती चाल काही जात नाही. चालीचा काय दोष, असं वाटतं, आणि लगेच तसं वाटल्याचा संकोच होतो. शेवटी तिच्यावर माझेच शब्द बसवायला घेतले. काल स्वयंपाकघरात चहा उकळत होता आणि मी पहिली ओळ म्हणत होतो. वळून पाहिलं तर दारात कॅलम. चाल त्यानं ओळखली होती. मी थांबलो.

तो आत आला. मग नेहमीसारखं विचारलं, "मीनिंग, बाबा?"

मी अर्थ सांगितला. डोंगरानं वाट दिली, आम्ही उजेडात आलो.

त्यानं गॅस बारीक केला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "अगेन."