वर्कल्याच्या लाटा, चाकणचं कुलूप

चाकणजवळच्या कुरुळीच्या ज्योतीरामला समुद्राचं काडीचं कौतुक नव्हतं. उभ्या जन्मात एकदा अलिबागला गेलेला, तिथंही चपला हातात धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि परत आला. पण गेले दोन महिने तिकडं केरळात, वर्कल्याला, भरती कधी, ओहोटी कधी, वारा कुठल्या अंगाचा, हे त्याला स्वतःच्या शिफ्टसारखं पाठ होतं. कंपनीच्या बसची वाट बघताना तो आधी फोनवर तेच काढायचा.

एकदा बायकोनं, विजयश्रीनं, त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"भरती कसली बघताय? होडी घेताय का काय?"

"कंपनीचं काम हाय."

"चाकणात समुद्र आला व्हय. बरं झालं, टँकर तरी बंद व्हतील."

ज्योतीरामच्या पोटात जे दुखत होतं त्याचं नाव संघर्ष. पिंपरीचा, कारखान्यात हाडं झिजवलेल्या कामगाराचा पोरगा. आयटीआयला दोघं एका बाकावर. कानस कशी धरायची, हात सरळ कसा चालवायचा, हे त्याला ज्योतीरामनं शिकवलेलं. संघर्षच्या हातात फिटरचा गुणच नव्हता. तो लोखंड घासायला बसला की चौकोनाचा बटाटा व्हायचा. पुढं दोघं चाकणच्या एकाच कंपनीत लागले, एका डब्यात जेवले. शिफ्ट सुटली की ज्योतीराम घरी जाऊन आडवा व्हायचा आणि संघर्ष रोबोटचा प्रोग्राम शिकायला भोसरीला जायचा. हे ज्योतीरामला आठवत नव्हतं असं नाही. पण ते तो तळाशी दाबून ठेवायचा आणि बटाटा तेवढा वर काढायचा.

आता संघर्ष रोबोट बसवून देणाऱ्या एका फर्मकडं होता. राहायला वर्कल्याला, समुद्राकाठी. खोलीतून लॅपटॉपवर चाकणचे रोबोट सांभाळायचा आणि उरल्या वेळात माणसाएवढ्या फळीवर उभा राहून लाटांवरनं घसरायचा. रोज त्याचं स्टेटस यायचं. उघडं अंग, काखेत फळी, मागं निळंशार पाणी. ज्योतीराम तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघायचा. पोट सुटलंय का, केस गेलेत का. काही म्हणजे काही सापडायचं नाही. उलट गडी पाच वर्षांनी लहान दिसायचा, आणि इकडं ज्योतीरामची मान रोबोटखाली वाकून वाकून एका बाजूला कलायला लागलेली.

त्यात ह्या दोघांची गाठ रोजची. गाडीच्या दाराचे सांगाडे जोडणारे दोन रोबोट, भोवती जाळी. रोबोट अडला की ज्योतीराम जाळीच्या आत शिरायचा आणि संघर्ष फोनवर चित्र बघत सांगायचा, ही वायर हलव, तो नट आवळ. संघर्षचं डोकं वर्कल्याला, हात मात्र ज्योतीरामचे. फोनमधनं लाटांचा आवाज यायचा. कधी कुणी बाई हसायची, कधी कावळा ओरडायचा. तिकडचा कावळासुद्धा ज्योतीरामला निवांत वाटायचा.

पण आत शिरायचा एक कडक नियम होता. जो आत जाईल त्यानं जाळीच्या दाराला आपलं स्वतःचं लाल कुलूप लावायचं, वर आपलं नाव नि फोटो, आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. ते कुलूप निघेपर्यंत रोबोट हलत नाही. मॅनेजर आला तरी दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. जिवाचा प्रश्न असतो.

एकदा असंच बोलता बोलता संघर्ष म्हणाला, "भावा, लवकर आटप. नऊनंतर वारा फिरतो, मग लाट मोडते. दिवस वाया जातो राव."

काम बारा मिनिटांत झालं. ज्योतीराम बाहेर आला आणि कुलूप तसंच ठेवून, किल्ली खिशात टाकून, चहाला गेला. संघर्षला उठता येत नव्हतं. रोबोट चालू झाल्यावर पहिले पाच सांगाडे नजरेखालून घालणं त्याच्या कामातच होतं. ज्योतीराम परतला तेव्हा नवाला दहा कमी होते. त्या दिवशी स्टेटसला फळी आली नाही, नुसती कॉफी आली. ज्योतीरामला डबा गोड लागला.

मग चटकच लागली. चांगल्या भरतीचा दिवस असला आणि रोबोट अडला, की चहा लांबायचा. लाइन थांबायची, सुपरवायझर ओरडायचा, ज्योतीराम म्हणायचा, "आत बारीक काम हाय, घाईनं व्हत न्हाई." दोन महिन्यांत असे बावीस दिवस झाले.

एका शनिवारी संघर्षनं स्वतःहून फोन केला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं.

"ज्योतीराम, आत माणूस आहे का बघणारा सेन्सर आहे ना खाली जमिनीलगत, त्याची नोंद माझ्याकडं येते. काल तू सात चाळीसला आत गेलास, सात बावन्नला बाहेर आलास. कुलूप साडेआठला काढलंस."

त्या सेन्सरची काच रोज सकाळी ज्योतीरामच फडक्यानं पुसायचा. माणूस दिसला की सेन्सर रोबोट थांबवतो एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याचं तोंड वर्कल्यापर्यंत पोचतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

"कधीपास्नं कळतंय तुला?"

"पहिल्या दिवसापासनं. म्हटलं कंटाळशील. पण आता तुमच्या मॅनेजरनं, हिंदुराव साहेबांनी, सगळ्या नोंदी मागितल्यात. तू जाशील कामावरनं. मी असं करतो, सेन्सरची काच धुळीनं माखली होती, आत असलेला माणूस दिसला नाही, नोंदी चुकीच्या आल्या, असं कळवतो. विषय संपला."

ज्योतीरामला ते झोंबलं. हा तिकडं पाण्यात डुंबणार, वर आपल्यावर उपकार करणार, आणि उपकार करायचा तोही आपल्या कामाला नाव ठेवून.

"काच मी पुसतो," तो म्हणाला.

"अरे माहितीये. नुसतं कागदावर."

ज्योतीरामनं फोन ठेवला.

सोमवारी हिंदुराव साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. कंपनीचा मॅनेजर, चष्म्यावरनं बघणारा.

"संघर्षचा मेल आलाय. सेन्सर घाण होता म्हणतो."

आता नुसतं व्हय म्हटलं असतं तरी भागलं असतं. घरी पोरीची दहावी होती. ज्योतीरामनं एकदा टेबलाकडं पाहिलं.

"न्हाई साहेब. काच साफ व्हती. मी चहाला जायचो."

"बावीस दिवस?"

"व्हय."

"का?"

ज्योतीरामनं खिशातली किल्ली चाचपली. साहेबानं मेमो लिहायला घेतला. तीन दिवस घरी, त्यानंतर रोबोटचं काम बंद, कॉम्प्रेसरच्या खोलीत ड्युटी. नोकरी राहिली ती खरं बोलला म्हणून, असं साहेब म्हणाला. ज्योतीरामनं सही केली, लाल कुलूप आणि किल्ली टेबलावर ठेवली.

गेटबाहेर पडतोय तोवर, साहेबाकडनं कळून, संघर्षचा फोन.

"कशाला बोललास? मी झाकलं होतं की."

"म्हणूनच बोललो. तू झाकायचं, आन मी जन्मभर तुझा मिंधा ऱ्हायचं व्हय? न्हाई जमायचं."

संघर्ष हसला, अगदी मनापासून.

"बरं, तीन दिवस मोकळा आहेस ना? ये इकडं. लाटेवर उभं राहायला शिकवतो."

शिकवतो म्हणाला. ज्योतीरामनं फोन कापला, आणि पुन्हा ते फोटो डोळ्यांपुढं येऊ नयेत म्हणून संघर्षचं स्टेटसही बंद करून टाकलं. घरी पोचला तेव्हा भर अकराचं ऊन होतं.

विजयश्रीनं दारातच विचारलं, "हे काय, ह्या वेळंला?"

"तीन दिवस सुट्टी दिली."

तिनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. "मग मोरीतला नळ तेवढा बघा," ती म्हणाली, "महिना झाला गळतोय."

ज्योतीरामनं पाना घेतला आणि नळापुढं उकिडवा बसला. पाच मिनिटांचं काम होतं. ते त्याला तीन दिवस पुरवायचं होतं.