टाकीखालच्या टाळ्या

"धुव्वा? एक-शून्यला धुव्वा उडतो होय हो बाई?"

"पण जिंकले ना शेवटी."

"जिंकले म्हणा मग. धुव्वा उडाला असता तर पलीकडचे घरी कसे गेले असते? पिशवीत भरून?"

औषधवाल्या बाई खुदकन हसल्या. इस्त्रीवाले अण्णा हसले नाहीत. हात कुणाच्या तरी विजारीवर चालला होता आणि डोळा पाण्याच्या तांब्याला टेकवून उभ्या केलेल्या मोबाईलवर होता.

"आणि खेळ कोणता ते कुठंय?"

"म्हणजे?"

"आख्खी बातमी वाचली. चेंडू आहे, मैदान आहे, घामसुद्धा आहे. फुटबॉल हा शब्द नाही. वाचणाऱ्याला काय स्वप्न पडणार आहे? चेंडू तर टेबलावरच्या खेळातही असतो."

"अहो, सगळ्यांना माहीतच असतं."

"सगळ्यांना माहीत असतं तर तुम्ही कशाला बोटं दुखवून घेताय? जो आजारातून उठलाय, ज्याला कुणी येऊन काही सांगत नाही, त्याच्यासाठी लिहायचं. पहिल्या ओळीत खेळ कोणता, कोण कुणाशी खेळलं, किती झाले, कुठे झालं. मग पुढे घाला काय पसारा घालायचा तो."

बाईंचं औषधाचं दुकान रस्त्याच्या पलीकडे. चाळिशी ओलांडलेल्या बाई, दुपारी गिऱ्हाईक नसलं की मोबाईल चाळत बसायच्या. त्यातूनच खेळाच्या बातम्यांच्या एका संकेतस्थळावर त्यांनी नाव घातलं. तिथे पगाराचं नाव नाही. मोठे पेपर ज्या सामन्यांकडे ढुंकून बघत नाहीत ते आपण हौसेने बघायचे, लिहायचे, आणि दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय पानावर चढवायचे नाहीत, एवढाच कारभार. या भागातलं तपासायचं काम अण्णांकडे. माघारी लोक त्यांना 'कडक अण्णा' म्हणत. ते खळ घातलेल्या कॉलरींमुळे की तपासण्यामुळे, याचा निकाल कधी लागला नव्हता.

"'आपला संघ' काढा," अण्णा म्हणाले.

"का? आपलाच आहे की."

"तुमचा आहे. पलीकडच्यांचा कोण, सावत्र?"

बाईंनी खोडलं. काउंटरला टेकून उभ्याउभ्याच खोडलं, कारण दुकानात बसायला काही नव्हतं. एक स्टूल होतं, त्याच्यावर धुतलेल्या चादरींचा गठ्ठा. दुसरं घ्यावं असं कुणी आलंच नव्हतं. मागे एक खोली, खोलीत खाट, एक ताट, एक वाटी, आणि एक खुर्ची जिच्यावर माणूस बसत नसल्यामुळे टॉवेल जाऊन बसला होता. अण्णांना गल्लीतल्या प्रत्येकाच्या खांद्याची रुंदी पाठ होती. कुणाची ढेरी सुटली, कुणाची उतरली, हे घरच्यांच्या आधी त्यांना कळायचं. पण त्यातल्या एकाच्याही घरचा चहा कसा लागतो ते त्यांना सांगता आलं नसतं. माणूस कपडे टाकतो आणि जातो. कपडे राहतात, तेही संध्याकाळपर्यंत.

"पुढे वाचा. शेवटचं राहिलंय."

बाईंनी घसा साफ केला. "'आपली अखेरची शिट्टी वाजवणाऱ्या पंचांना खच्चून भरलेल्या मैदानाने टाळ्यांच्या कडकडाटात निरोप दिला.'" आणि कौतुकासाठी वर बघितलं.

अण्णांनी इस्त्री उभी करून ठेवली. चालू कामात ते असं करत नसत.

"हे कुणी सांगितलं?"

"कुठलं?"

"अखेरची शिट्टी."

"तुमच्या भावजयीनेच की. गुडघ्याला लावायचं मलम न्यायला आली होती. म्हणाली, आता बास, यापुढे ह्यांनी मैदानावर जायचं नाही."

हेच वाक्य भावजयीने सामन्याच्या आधीच त्यांच्याही काउंटरवर ठेवलं होतं, पंचाच्या काळ्या सदऱ्याबरोबर. "भाऊजी, हा शेवटचा. सामना झाला की धुऊन, घडी घालून कपाटात."

पंच म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ. गल्लीच्या पार त्या टोकाला राहायचा. दोघं एका ताटात जेवलेले, एका चेंडूमागे पळालेले. पुढे धाकट्याने शिट्टी धरली आणि थोरल्याने बातम्या. मग एका अंतिम सामन्यात चेंडू गोलरेषेवर आदळला, गोलरक्षकाने झडप घालून बाहेर काढला, आणि धाकट्याने गोल दिला. अण्णा खांबाच्या अगदी नाकासमोर उभे होते. दिसलं ते त्यांनी लिहिलं: चेंडू पूर्ण आत गेला नव्हता. हरलेल्या पोरांनी ती बातमी मोठ्या अक्षरांत छापून धाकट्याच्या दारावर चिकटवली. धाकटा आला तो दुकानाची पायरीही चढला नाही. खालूनच म्हणाला, "लिहायला ना नाही माझी. पण लिहायच्या आधी एक हाक मारली असतीस, तर तुझा काय घसा बसला असता?"

तेव्हापासून बोलणं बंद. त्यानंतरच अण्णांनी नवख्यांसाठी दोन नियम घातले. घरच्या माणसावर आपण लिहायचं नाही. आणि ज्याच्यावर लिहायचं त्याला आधी विचारायचं. नवख्यांना ते फार पोचलेल्या माणसाचे बोल वाटायचे. चेंडू आत गेला नव्हता, यावर मात्र अण्णा आजही हटायला तयार नव्हते.

काळा सदरा तेवढा इस्त्रीला येत राहिला. जुन्या पद्धतीचा, सुती. भावजय आणायची, तीच न्यायची. धाकट्याला हे ठाऊक होतं की नाही, ते अण्णांनी तिला कधी विचारलं नाही.

"माणसं किती होती काल?" अण्णांनी विचारलं.

"होती की बरीच."

"खच्चून भरलं होतं?"

बाई जरा चुळबुळल्या. "तसं लिहायची पद्धत असते ना. बदली पोरं होती दोन्हीकडची. एक सायकलवाला थांबला होता थोडा वेळ."

"ते प्रेक्षक नव्हेत. आणि टाळ्या?"

"वाजल्या! टाळ्या वाजल्या हो, खोटं नाही सांगत. पाण्याच्या टाकीखाली एक जण होता. उन्हाला छत्री धरलेली, तोंड दिसेना. शिट्टी झाली तशी छत्री काखेत मारली आणि वाजवतोय, वाजवतोय. बाकी सगळे बूट काढायला लागले तरी याचं चालूच." त्या बोलता बोलता थांबल्या. दाराआडच्या खिळ्याला एक काळी छत्री लटकत होती, एक काडी वाकलेली. त्यांनी छत्रीकडे बघितलं, मग अण्णांकडे. "काल दुपारी दुकान बंद होतं नाही तुमचं?"

"तो माणूस धरायचा नाही," अण्णा म्हणाले.

"का म्हणून?"

"तपासनीस आहे तो. आपला माणूस बातमीत नसतो."

"मग टाळ्या कुणी वाजवल्या म्हणून लिहू? टाकीने?"

अण्णांनी विजार उलटली आणि दुसऱ्या पायावर पाणी शिंपडलं.

"ओळच काढून टाकते," बाई म्हणाल्या. "तळाशी पंचांचं नाव असतंच की."

ते सोपं होतं, नियमातही बसत होतं. शेवटचा सामना ही ज्याची त्याची बाब. पंच बातमीत जितका कमी दिसेल तितका सामना चांगला झाला, हेही अण्णांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. पण ओळ गेली की धाकट्याचं मैदानावरचं सगळं आयुष्य तळाच्या बारीक अक्षरांत, रेषापंचांच्या शेजारी संपणार होतं. आणि त्याच्याबद्दल मोठ्या अक्षरांत छापलेली ओळ एकच उरणार होती: ती दारावरची.

"काढू नका," ते म्हणाले. "पण तुमचं कळणं आणि माझं कळणं एकाच तोंडातून आलंय. त्याला स्वतःला विचारायला पाहिजे."

"मग विचारा ना. नियम तुमचाच."

"बातमी तुमची."

"नंबर तुमच्याकडे!"

तेवढ्यात पलीकडून बाईंच्या नवऱ्याने हाक मारली, "अगं, खोकल्याचं कुठलं द्यायचं गं, लाल का पिवळं?" आणि बाई पदर सावरत पळाल्या. "लाल देऊ नका हो, ते पोटाचं! अण्णा, विचारून ठेवा, आलेच मी."

दुकान एकदम मोठं वाटायला लागलं. अण्णांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. नंबर शोधावा लागला नाही. घंटी बराच वेळ वाजली.

"हॅलो."

"मी बोलतोय. बातमीसाठी."

पलीकडे कुणी तरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बोला," धाकटा म्हणाला.

बोला. ज्याने शेंबडा असल्यापासून 'ए दादा' केलं, तो म्हणाला बोला. अण्णांनी तोही घोट गिळला आणि तसाच परत केला.

"कालचा सामना तुमचा शेवटचा होता असं कळलं. खरं का?"

"खरं."

"कारण?"

"गुडघा."

"किती वर्षं केलीत पंचगिरी?"

"बरीच."

"बरीच असं लिहिता येत नाही."

"मग नका लिहू."

अण्णांनी नखाने टेबलावरच्या जळक्या डागावर रेघ ओढली. "सामन्यानंतर टाळ्या वाजल्या असं बातमीत आलंय. तुम्हाला ऐकू आल्या?"

"आल्या. एकाच्या."

"कोण होता?"

"टाकीखाली होता कुणीतरी. छत्री दिसली, तोंड दिसलं नाही." धाकटा म्हणाला, "आणि दिसलं नाही ते मी देत नाही."

"तेव्हा दिलास की."

तोंडातून गेलं ते गेलं. जिभेला इस्त्रीसारखं बटण नसतं. अण्णांना वाटलं, ठेवला फोन.

"तेव्हा मला आत गेलेला दिसला, दादा," धाकटा म्हणाला. चिडला नव्हता. थकलेला वाटला. "आजही तसाच दिसतो."

"मला नाही दिसत."

"माहितीये." भांडं पुन्हा उचललं गेलं. "सदरा झाला का?"

"दुपारनंतर होईल."

"ती येईल न्यायला." आणि फोन ठेवला.

ती येईल. अण्णांनी मग बटण चालू केलं.

बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हाताला खोकल्याच्या औषधाचा वास येत होता. "काय म्हणाले?"

"शेवटचा होता. गुडघ्यामुळे. टाळ्या एकाच्या ऐकू आल्या. कोण ते दिसलं नाही."

"एवढंच?"

"बातमीपुरतं एवढंच. लिहा आता. मी सांगणार नाही कसं ते."

बाईंनी बराच वेळ अंगठा चालवला. दोनदा खोडलं. मग वाचलं, यावेळी घसा साफ न करता. "'पंचांचा हा शेवटचा सामना होता. तो संपल्यावर पाण्याच्या टाकीखाली उभ्या असलेल्या एका माणसाने बराच वेळ टाळ्या वाजवल्या.'"

"बराच वेळ म्हणजे किती?"

"अण्णा!"

"असू द्या," अण्णा म्हणाले. "चढवा."

बाईंनी चढवलं, आणि पुढच्या सामन्याला नवऱ्याला पुन्हा गल्ल्यावर बसवता येईल का, याचा घोर करत रस्ता ओलांडून गेल्या.

अण्णांनी गठ्ठ्यातून काळा सदरा ओढला. सरळ बाजूने दाबलं की काळ्या कापडावर चकाकी येते, म्हणून तो उलटा केला. शिवण सैल झालेली दिसली, काखेत. सुईदोरा मागच्या खोलीत होता. तो आणला, दोन टाके घातले, दोरा दातांनी तोडला. मग पाणी शिंपडून पाठीवरून इस्त्री फिरवली, घडी घातली, कागदात बांधून काउंटरच्या कडेला ठेवला, ती आली की हाताला येईल असा.

स्टुलावर चादरींचा गठ्ठा तसाच पडला होता. मोठ्या चादरीची दोन टोकं धरायला खरं तर दुसरा माणूस लागतो. अण्णांनी एक टोक हनुवटीखाली दाबलं, दोन्ही हात लांब केले, आणि कामाला लागले.