राक्षस मुद्दाम पडला

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकच माणूस. तिसऱ्या मजल्यावरची बैठकीची खोली, भिंतीवर टीव्ही, खुर्चीत ताठ बसलेले पडूदादा आणि त्यांच्या हातात व्हिडिओ गेमचा कंट्रोलर. टीव्हीत एक धिप्पाड राक्षस नुकताच कोसळला आहे. विजयाचं संगीत वाजतंय आणि विजेता भुवया आक्रसून बसलाय.

पडूदादा आमच्या नाटक कंपनीत हयातभर तलवारीच्या लढाईत पडले. राजा मी, शत्रू ते. प्रत्येक प्रयोगात मी त्यांना मारायचो, आणि ते अशा झोकात मरायचे की टाळ्या मला मिळायच्या.

गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि दादांचा डावा हात लुळा पडला. लेकीने त्यांना आपल्या घरी आणलं. बोटं हलती राहावीत म्हणून जावयाने हा खेळ आणून दिला. वेगवेगळ्या खेळांतले नायक यात एकाच आखाड्यात उतरतात. कुठला तलवारबाज, कुठला यंत्रमानव, कुठली चेटकीण! दादा खेळायचे एकट्याने; समोरचा गडी यंत्रच चालवायचं. लेकीशी बोली झाली होती: शेवटच्या राक्षसाला हरवलं की हात बरा झाला असं समजायचं, आणि दादा आपल्या घरी एकटे राहायला मोकळे.

आज राक्षस हरला. दादांनी मला तातडीने बोलावून घेतलं.

"राजे, नीट बघा हं," ते माझ्या कानाशी पुटपुटले आणि त्यांनी लढत पुन्हा सुरू केली. "ही गदा उचलली. आता थांबला. का थांबला? छाती उघडी टाकून माझी वाट बघतोय. मी चुकलो तरी हलत नाही. आणि हा पडला! अहो, जन्मभर हेच केलं मी. मला ओळखू येणार नाही?"

"बाबा, ते यंत्र आहे," लेक स्वयंपाकघरातून म्हणाली.

"यंत्राला पढवणारं कुणीतरी असतंच." दादांनी वर्तमानपत्रात डोकं खुपसलेल्या जावयाकडे रोखून पाहिलं. "काय जावईबापू? म्हातारा लवकर कटावा म्हणून राक्षसाला फितवलंत?"

"मी? मला हात तरी लावू देता का? कंट्रोलर उशीखाली घेऊन झोपता तुम्ही!"

लेक हात पुसत दारात आली. नजर खाली.

"मी केलं. तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा खेळ सगळ्यात सोप्या पातळीवर ठेवला. रोज हरायचात आणि जेवण टाकायचात, बाबा. बघवेना."

"आणि मग त्यांना एकटं पाठवणार होतीस?" जावयाने विचारलं.

"छे! त्यांच्या घराची किल्ली हरवली म्हणून सांगणार होते."

दादांनी कंट्रोलर तिच्यापुढे धरला. "सगळ्यात अवघड कर."

राक्षसाने गदा फिरवली. दादांचा तलवारबाज आखाड्याबाहेर. पुन्हा तेच. पुढच्या खेपेला त्यांच्या डाव्या अंगठ्याने एक वार अडवला, एकच, आणि मग गदा बसलीच.

दादा खुर्चीत मागे रेलले. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या.

"हां, आता मारतोय," ते म्हणाले. "चहा टाक गं पोरी. मला आज अजून बरंच मरायचंय."