सुकेळी उन्हात आणि मी फिरायला

मी जन्मल्यापासून वसईत आहे. माहेर निर्मळचं, सासर उमेळ्याचं. मला वसई दाखवायला माझा मुलगा बंगळूरहून विमानाने आला. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी नवं लुगडं नेसले.

फिरायला नेण्यामागचं कारण मला माहीत होतं, आणि ते मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. पावसाळ्यात मी विहिरीजवळ घसरून पडले. शेजारीण हाका ऐकून येईपर्यंत बराच वेळ तशीच चिखलात पडून होते. हाड मोडलं नाही, पण फोनवर ते ऐकून मुलाला रडू फुटलं. दिवाळीनंतर आला तो एकच बोलणं घेऊन. आई, आता इथे एकटी राहायचं नाही, माझ्याकडे कायमची चल. चार दिवस तो तेच बोलत होता. फिरायला गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं विमान होतं आणि त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत त्याला माझं उत्तर हवं होतं. मला खूश करायला त्याने गाडी ठरवली.

मी नाहीच म्हणणार होते असं कोणी समजू नये. विहिरीजवळ पडल्या पडल्या माणसाला बरंच काही सुचतं. त्याच्या बाराव्या मजल्यावर चिखल नसतो, हेही सुचलं होतं.

पण त्या दिवशी माझी सुकेळी मांडवावर होती. वसईबाहेरच्या लोकांना सांगावं लागतं. राजेळी केळी पूर्ण पिकू द्यायची, सोलायची आणि घरामागच्या बांबूच्या मांडवावर उन्हाला लावायची. सात उन्हं लागतात. सकाळी पसरायची, दुपारी उलटायची, आणि सूर्य बुडायच्या आत उचलून टोपलीत भरून घरात घ्यायची. दंव पडलं की सहा दिवसांची मेहनत आंबली. ती माझी पाचव्या उन्हाची होती. निर्मळच्या जत्रेला पंधरा दिवस होते. दरवर्षी त्या जत्रेत मी सुकेळी घेऊन बसते, आणि बसायच्या आधी केळीच्या सुक्या पानात बांधलेली पहिली गुंडाळी देवळात ठेवते. माझी आई ठेवायची, म्हणून मी ठेवते. देवाने कधी आवडली की नाही ते कळवलेलं नाही.

"दुपारचं उलटणं आज राहू दे," मी मुलाला म्हटलं. "पण सहाच्या आत मला घरी आण."

"आणतो गं. तू गाडीत बस. मागचं दार बंद करून कुलूप मी लावतो."

कुलूप लावायला त्याला चांगली दहा मिनिटं लागली. मला वाटलं, फोन आला असेल.

आधी किल्ला. मुलगा हातात फोन धरून मला वाचून दाखवत होता, पोर्तुगीज कुठून आले, कुठल्या दारातून गेले. मी चौथी शिकलेली, त्यामुळे ऐकून घेतलं. एका मोठ्या दरवाज्यापाशी थांबून तो म्हणाला, "आई, हा बघ. समुद्राकडचा दरवाजा."

"बघितलाय. ह्याच्याच सावलीत बसून मी कोळणींना वांगी दिलीत आणि बोंबील घेतलेत. तू पोटात होतास. तीन महिने तुला बोंबलाशिवाय काही चालत नव्हतं."

"हे कधी सांगितलं नाहीस."

"फोनमध्ये नाही का?"

पुढे पडक्या चर्चमध्ये लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी आली होती. एका मुलीचा लाल झगा एवढा लांब, की दोन माणसं तो उचलून हवेत फेकत होती आणि तिसरा फोटो काढत होता. नवरा मुलगा उन्हात भिंतीला टेकून उभा होता. त्याला आत्ताच कंटाळा आला होता. मी म्हटलं, बरं झालं, लग्नाआधीच सवय लागते.

तिथून सोपाऱ्याला, जुना बौद्ध स्तूप बघायला. गाडीवाला नालासोपाऱ्यातच राहणारा, मूळचा उत्तरेकडचा. त्याला स्तूप माहीत नव्हता. "माताजी, इधर दस साल से हूँ, ऐसा कुछ देखा नहीं," म्हणाला. शेवटी एका चक्कीवाल्याला विचारून सापडला. चारी बाजूंनी इमारती, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, आणि मध्ये कुंपणाच्या आत एक शांत उंचवटा. मुलगा एकदम हळू आवाजात बोलायला लागला.

"आई, इथे एकेकाळी सगळ्या जगातली जहाजं यायची."

"मग यायची का थांबली?"

"खाडी गाळाने भरली."

"आणि गाळ इमारतींनी. चल, ऊन लागतंय."

खरं म्हणजे ऊन मला लागत नव्हतं. मी केळ्यांसाठी ते बघत होते. कडक होतं, चांगलं होतं. मनात म्हटलं, आज रंग धरतील.

निर्मळला देवळाच्या पायऱ्या चढताना मुलाने माझा दंड असा धरला, जणू मी काचेची आहे. "सोड," मी म्हटलं, "ह्या पायऱ्यांवर मी परकर नेसून धावलेय." तरी त्याने सोडला नाही, आणि अर्ध्यावर मलाही तो बरा वाटला. हे मी त्याला सांगितलं नाही. वर बसून आम्ही पाणी प्यायलो. खाली तळं, केळीच्या बागा, भाजीच्या जुड्या बांधून सायकलवर निघालेला एक म्हातारा. मुलगा म्हणाला, "किती छान आहे ना!" परगावच्या माणसासारखं म्हणाला.

"पंधरा दिवसांनी बघायला हवंस," मी म्हटलं. "त्या कोपऱ्यात बसते मी. गेल्या वर्षी एक बाई चव घ्यायला म्हणून चार सुकेळी खाऊन गेली. या वर्षी तिची वाट बघतेय."

तो पटकन म्हणाला, "पण आई, जत्रेला तर तू..." आणि पुढचं गिळलं.

"तर मी काय?"

"काही नाही. उन्हात बसतेस, ते म्हणत होतो."

मी त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी पेरू चोरून आला की तो असाच चपलेकडे बघायचा. मी तेव्हाही खोदून विचारलं नव्हतं, आताही विचारलं नाही. पोटात ठेवलं.

शेवटी कळंबचा समुद्र. तिथे घोडागाडी होती, भेळ होती, आणि एक उंट होता. वसईत उंटाचं काय काम, मला कळलं नाही. बहुधा त्यालाही कळलं नसावं, तसंच तोंड होतं. मुलाने मला वाळूत खुर्ची मिळवून दिली आणि भेळ आणली. सूर्य पाण्याच्या दोन हात वर राहिला तशी मी उठले.

"बस ना. सूर्यास्त बघू. मला तुझ्याशी बोलायचंय."

"गाडीत बोल. केळी उचलायचीत."

"आई, आज केळ्यांची काळजी करू नकोस," तो हसून म्हणाला. ते हसू मला अजून दिसतं. "मी सकाळीच झाकून आलोय."

मी खाली बसले.

"कशाने?"

"ताडपत्रीने. ती निळी, विहिरीजवळची. बाजूच्या बिल्डिंगच्या कामाची किती धूळ येते! चारी कडांना विटा ठेवल्यात. मुंगी जाणार नाही आत. आता दंवही पडू दे. म्हटलं, एक दिवस तरी तू निवांत फिरशील."

सकाळपासूनचं ऊन. ज्याचं मी सोपाऱ्यात कौतुक करत होते तेच. प्लास्टिकखाली, वारा बंद, विटा ठेवून.

हा मुलगा त्याच मांडवाखाली रांगला. त्याच्या बापाने ह्या मांडवावर गोणपाटसुद्धा कधी पडू दिलं नाही. आमच्याकडे पाच वर्षांच्या पोराला कळतं की सुकेळीला ऊन लागतं तेवढाच वारा लागतो. आणि हा बाराव्या मजल्यावरून आलेला शहाणा माणूस मला केळी उकडून देऊन वर सूर्यास्त दाखवत होता.

मी भेळ संपवली. अन्न टाकू नये. मग म्हटलं, "बघ तुझा सूर्यास्त. आता घाई नाही."

त्याने बघितला. फोटो काढले. माझाही काढला. त्यात मी फार वाईट दिसते.

घरी पोचलो तेव्हा अंधारायला लागलं होतं. मी सरळ मागे गेले, तो विजेरी घेऊन पाठोपाठ. विटा बाजूला केल्या, ताडपत्री उचलली. आतून पाणी ओघळलं. वास त्यालाही आला, काही सांगावं लागलं नाही. केळी पांढरट बुळबुळीत झाली होती. एकाला हात लावला तर बोटाला चिकटून आलं.

"मला वाटलं..." तो म्हणाला.

"वाटलं ते कळलं. विचारलं का नाहीस?"

"तू नको म्हणाली असतीस."

"हो."

मग मी निर्मळपासून पोटात ठेवलेलं बाहेर काढलं. "उद्याची तिकिटं किती काढलीस?"

विजेरीचा उजेड खाली मातीवर गेला.

"दोन," तो म्हणाला. "आई, तू चिखलात पडली होतीस. मला तिकडे झोप लागत नाही गं."

ते खोटं नव्हतं. तेवढ्यापुरतं मला वाईट वाटलं, म्हणून मी आवाज चढवला नाही. म्हटलं, "तू मला परवा विचारलं असतंस आणि उत्तराला थांबला असतास, तर जत्रा झाल्यावर महिनाभर येऊन बघते म्हणणार होते. ठरवलं होतं मी. आता येत नाही. उद्या तू एकटा जा."

"केळ्यांवरून?"

"केळ्यांवरून."

तो खूप वेळ मांडवापाशी उभा राहिला. मी आत जाऊन भात टाकला. जेवताना त्याने दोनदा आमटी घेतली, तेव्हा मी समजले की जगेल.

सकाळी उठले तर मागे खडखड ऐकू आली. त्याने खराब केळी केळीच्या बुंध्याशी पुरली होती, मांडव धुऊन पुसला होता. ओटीवर टांगलेला केळ्यांचा दुसरा लोंगर पिकला होता, त्यातली केळी सोलायला काढून तो बसला होता. जत्रेला पंधरा दिवस, उन्हं सात. हिशेब त्यालाही येत होता.

मला बघून तो उठला. चार दिवसांत प्रथमच त्याने काही सांगितलं नाही. विचारलं.

"आई, नख लावून सोलायचं की सुरीने?"

मी म्हटलं, "आधी हात धू."