कडेचा चिखल

भावाच्या गाडीला हात लावायची मला परवानगी नव्हती, पण गॉगल माझ्या ताब्यात होता. म्हणजे घालायचा त्याने आणि साफ ठेवायचा मी. पावसाळ्यात चिखलातून गाडी पळवणाऱ्याच्या बहिणीला कुणी विचारत नाही, बाई, तुला याची आवड आहे का म्हणून. तिच्या हातात फडकं येतं आणि ती कामाला लागते.

आमचं गाव भिवंडीजवळ, कोनच्या पलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. रस्त्याकडची जमीन गोदामाला गेली तेव्हा त्या पैशातून बाबांनी घर बांधलं आणि भावाने हट्ट धरून डर्ट बाइक आणवली. उंच, सडसडीत, मागे बसायला जागाच नाही अशी ती गाडी अंगणात उतरवली, तेव्हा बाबा तिच्याभोवती दोनदा फिरले. म्हणाले, "आपून जलमभर चिखलातनं भाईर निंगायला मेलो, आनि हा पैसं देऊन चिखलात चाललाय." आई भाऊ लहान असतानाच गेली, त्यामुळे त्याला समजवायचं काम माझ्याकडे होतं. मी समजावलं नाही. गाडीवर बसल्यावर त्याचं तोंड जसं फुलायचं तसं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघायला आवडायचं.

पहिल्या पावसाळ्यात आम्हा दोघांनाही काही कळत नव्हतं. पुढच्या गाडीच्या चाकाने उडवलेला चिखल थेट तोंडावर येतो. भाऊ तो हातमोज्याने पुसायचा आणि चिखलातली वाळू काचेवर ओरखडे काढायची. थोड्याच दिवसांत ती काच अशी झाली की भर दुपारी बघितलं तरी सगळीकडे धुकं. मी त्याला फैलावर घेतलं.

"हात लावशील परत काचेला त बघ."

"मंग काय जिभेनं पुसू?"

मी भिवंडीत एका गोदामात पॅकिंग विभागात सुपरवायझर आहे. दिवसभर प्लास्टिकच्या संगतीत असल्यामुळे मला वाटलं, हे आपल्या हातचं काम आहे. रायडर लोक गॉगलवर पातळ पारदर्शक पापुद्रे एकावर एक लावतात, चिखल बसला की वरचा ओढून टाकायचा, खालचा स्वच्छ. विकतही मिळतात, पण मी म्हटलं, आपण घरी करू. पहिल्यांदा मी खोक्यांना ताणून गुंडाळायची फिल्म लावली. ती चोपडी, तिला सुरकुत्या पडल्या. भाऊ पहिल्याच फेरीत नाकासमोर शेताच्या बांधात घुसला. हेल्मेटमध्ये भाताची रोपं अडकलेली, तशाच अवस्थेत म्हणाला, "ताय, दोन बांध दिसत व्हते. मी मधनं गेलो." आम्ही पोट धरून हसलो.

मग मला शर्टाच्या खोक्यांची आठवण झाली. त्यांच्या झाकणाला असतं ते पारदर्शक प्लास्टिक कडक, सपाट आणि लखलखीत असतं. गोदामात फाटक्या खोक्यांचा ढीग पडलेला असायचा. मी त्यातून पापुद्रे कापायला लागले. काचेच्या आकाराचे, दोन्ही बाजूंना भोकं, आणि डाव्या टोकाला ओढायला शेपूट. शेपटं एकाआड एक दुमडायची, म्हणजे चिखलाच्या बोटांत एका वेळी एकच येतं. वरच्या कडेला चिकटपट्टी, नाहीतर पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरतं. आतून वाफ धरू नये म्हणून भांड्यांच्या साबणाचा थेंब फिरवून सुती कापडाने कोरडा पुसायचा. हेल्मेटवरून ओघळणारं पाणी मुरायला कपाळाच्या बाजूला स्पंजाची पट्टी. हे सगळं मी चुका करून करून शिकले. भाऊ हावरट, पहिल्याच फेरीत सगळे पापुद्रे उपटून टाकायचा आणि मग आंधळ्यासारखा फिरायचा. त्यावरून मी त्याला किती बोलले असेन!

सरावाची जागा गणेशपुरीच्या वाटेवर, एका ओळखीच्या माणसाचं पडीक रान. पाऊस थांबला की सगळी पोरं तिथे जमायची. सराव संपला की नदीवर अंग धुवायचं आणि मग अकलोलीच्या कुंडात गरम पाण्यात उतरायचं, हे ठरलेलं. एकदा तिथे जायला उशीर झाला, दिवे लागायची वेळ होती. उतरताना भावाची पायरी चुकली आणि तो बसल्या बसल्या खाली घसरला. पोरांनी टाळ्या पिटल्या. मीही हसले. घरी खाली ठेवलेल्या तांब्याला त्याचा पाय लागायचा, पाणी सांडायचं, आणि बाबा ओरडायचे, "डोलं हायेत का बटनां?" कुणाच्या घरात हे वाक्य बोलत नाहीत? आमच्याकडे ते जरा जास्त बोललं जायचं, एवढंच.

दुसऱ्या पावसाळ्यात त्याची तक्रार सुरू झाली.

"ताय, मधलं साफ हाय. कडंला चिखल रहतंय."

मी पापुद्रे रुंद कापले. तरी तेच. स्पंज काढून बारीक लावला, तरी तेच. तेव्हा मी त्याला मोठ्या चौकटीचा नवा गॉगल घ्यायला लावला. पहिल्या दिवशी म्हणाला, "आता झ्याक." पुढच्या रविवारी पुन्हा कडेचा चिखल. मला राग यायचा, त्याचा नव्हे, त्या चिखलाचा. रोज संध्याकाळी कामावरून आले की ओट्याच्या टोकाला बसून मी नवं काहीतरी कापत असायची. बाबा म्हणायचे, एवढ्या मेहनतीनं कांदा कापलास तर जेवान वेलेवर व्हईल.

त्याच सुमारास तो डाव्या बाजूला जास्त पडायला लागला. एकदा बाजूने पुढे जाणाऱ्या पोराला त्याने धडक दिली. ते पोर यंत्रमागवाल्यांच्या वस्तीतलं, तापट. उठून म्हणालं, "साइड में था मैं, दिखा नहीं क्या?" भाऊ म्हणाला, "चष्मे पे कीचड़ था, भाई." मीही पुढे होऊन सांगितलं की हो, कीचड़ था. माझ्या भावावर कुणी आवाज चढवला की मी आधी भांडते, विचार नंतर.

मग त्याच रानात पोरांची शर्यत ठरली. पावसाळा सरत आला होता, पण आदल्या दिवशी धो धो पडून गेला होता आणि रानाचं नुसतं लोणी झालं होतं. मी वळणावर उभी. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला दुसरा गॉगल, कोरडा, सगळे पापुद्रे लावलेला. अर्ध्यावर भाऊ माझ्यासमोर थांबला, डोळ्यांवरचा गॉगल काढून माझ्याकडे फेकला, नवा चढवला आणि ओरडला, "कडंला काय दिसत नव्हता!" गाडी निघून गेली.

मी गॉगल पुसायला घेतला. त्यावर चिखल नव्हता. शेवटचा पापुद्रा त्याने नुकताच ओढला असणार. काच लख्ख होती, कडा लख्ख होत्या, कोपऱ्यातसुद्धा एक शिंतोडा नव्हता. मला खरं वाटेना म्हणून मी तो डोळ्यांना लावला. समोर उतार दिसला. मान न हलवता एका बाजूला भज्यांची गाडी दिसली, दुसऱ्या बाजूला बांधावर छत्री घेऊन उभी असलेली माणसं, त्यांच्या पायाशी लोळणारं कुत्रं. सगळं रान दिसलं.

भाऊ अजून रानात होता. त्याच्या दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या आणि त्यांचा त्याला पत्ता नव्हता, हे आता मला स्वच्छ दिसत होतं. गाडी अगदी पुढ्यात आली की तो दचकून हँडल वळवायचा. किती दिवस तो असा चालवत होता आणि मी काय बघत होते? शर्यत संपेपर्यंत मी देवाचं नावसुद्धा घेतलं नाही, नुसती श्वास रोखून उभी राहिले. तो सुखरूप आला. मागून दुसरा की तिसरा, पण सुखरूप. हेल्मेट काढून म्हणाला, "नव्यालापन कडंला व्हताच." मी म्हटलं, "व्हय."

घरी गेल्यावर तो टीव्हीसमोर बसला होता. शेजाऱ्यांकडून पेढे आले होते. माझ्या भावासमोरून पेढा सुखरूप गेलेला आमच्या घराला ठाऊक नाही. मी त्याच्या बाजूला उभी राहिले आणि पेढा त्याच्या कानाच्या रेषेत धरला. मग थोडा पुढे. आणखी पुढे. तो टीव्ही बघत राहिला. पेढा जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा चमकून म्हणाला, "कवाशी आलीस तू?" मी पेढा त्याच्या तोंडात घातला आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी सरळ सांगितलं. मला आडवळणं येत नाहीत. "काच साफ व्हती. मी सोता घालून बघितला." तो इतका भडकला की बाबा धावत आले. मला गाडी नकोच होती, मला त्याचं भलं बघवत नाही, असं काय काय बोलला. मग आमच्यात अबोला. गाडी अंगणात वाळलेल्या चिखलासकट उभी. मी डबा करून ठेवायची, तो न बोलता न्यायचा. तसे दिवस गेले आणि एका सकाळी तो माझ्यासमोर आंघोळ करून, केस विंचरून उभा राहिला. "चल. दाखवून येव."

कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. अंधाऱ्या खोलीत त्याची हनुवटी एका यंत्रावर टेकवली, हातात बटण दिलं. पांढऱ्या गोलात बारीक उजेडाचे ठिपके येणार, ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी मागे स्टुलावर बसले होते. बटण वाजायचं, मग बराच वेळ वाजायचंच नाही. मला दाबावंसं वाटत होतं. शाळेत त्याच्या तोंडी परीक्षेला मी दाराबाहेर उभी राहून ओठ हलवायची, तशी मी तिथेही पुटपुटत होते, दाब रे, दाब.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या आणि मायेने बोलल्या. डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू निकामी होतोय. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग कडेचं, आणि बघता बघता मधला तुकडा तेवढा उरतो. तोही किती वर्षं टिकेल सांगता येत नाही. त्याच्या आजारावर आज हातात औषध नाही. गाडी मात्र कुठलीच चालवायची नाही, रस्त्यावरची नाही आणि रानातलीही नाही. भावाने मान हलवली. मग विचारलं, "डोळ्यांत चिखल जाऊन जाऊन असं झालं का?" बाई म्हणाल्या, "नाही हो, चिखलाचा यात काही दोष नाही." चिखलाचा दोष असता तर मला त्या क्षणी फार बरं वाटलं असतं.

परत निघालो. माझी स्कूटर, मी पुढे, तो मागे. एरवी तो कधी माझ्या मागे बसायचा नाही, त्याला लाज वाटायची. पाऊस भुरभुरत होता. खाडीचा पूल ओलांडला आणि कोनच्या अलीकडे ट्रकच्या रांगेत अडकलो. गोदामाकडे जाणारे कंटेनर, सगळीकडे गढूळ पाणी, हॉर्नचा गोंगाट. मग माझ्या खांद्यामागून त्याचा आवाज आला.

"ताय, रागावू नको. काच साफ असायची ती मना म्हाईत व्हता."

मी मान वळवली नाही. "कवापास्नं?"

"पयलेपास्नं. गॉगल काडला तरी कडंला तसाच दिसायचा ना. घरातपन."

"मंग चिखल चिखल काय करत व्हतास रं? मी येड्यासारकी कापत बसायची..."

पुढचा ट्रक हात-दोन हात सरकला, मीही सरकले.

"डोलं बोल्लो असतो त तू काय करनार व्हतीस?" तो म्हणाला. "चिखल बोल्लो का तू नवीन कायतरी करून आनायचीस. दर वेलंला. मना वाटायचा, या वेलंला तरी जमंल तुला."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी भांडले असते, मला ते जमतं. मी हँडल घट्ट धरलं आणि हेल्मेटच्या आत तोंड उघडून रडले, आवाज हॉर्नमध्ये जाईल अशा बेताने. खांदे हलत असणार, कारण त्याने दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले आणि पुढे वाकून विचारलं, "सुटला का ट्राफिक?"

"न्हाय रं," मी म्हटलं. "आजून न्हाय."